किट वेळेत आलंच नाही, मग मांदेली घेतली : एमएस्सी झूलॉजीच्या एका प्रोजेक्टची पूर्ण केस

ही केस माझ्या एका ज्युनियरची. मुंबईतल्या एका सरकारी विद्यापीठात तिने एमएस्सी झूलॉजी केलं, मी त्याच विभागात पीएचडी करतेय त्यामुळे सगळं अगदी जवळून बघितलंय. तिला विचारूनच लिहितेय, फक्त नाव आणि विभाग नको म्हणाली, ते ठीकच आहे. लिहायचं कारण असं की दरवर्षी दिवाळीच्या आसपास दोन-तीन पोरं तरी याच जागी येऊन अडकतात, प्रोजेक्ट पुढे सरकत नाही, सबमिशन दिसायला लागतं, आणि प्रत्येकाला वाटतं की हे फक्त माझ्याच नशिबी आलं, बाकी सगळ्यांचं मस्त चाललंय. तसं नसतं.

मुलगी बदलापूरची. बीएस्सी कल्याणला केली, मार्क चांगले. एमएस्सीला तिच्यासमोर एका खासगी विद्यापीठाचा बायोटेकचा पर्याय होता, लॅब बघून आली होती, सगळं चकचकीत, पण फी ऐकल्यावर घरात कोणी पुढे बोललंच नाही. सरकारी विद्यापीठ घेतलं ते फीमुळे, हे ती सरळ सांगते आणि मला त्यात काहीही कमीपणा वाटत नाही, राज्यातली निम्म्याहून जास्त पोरं याच कारणाने येत असतील आणि त्यांच्यासाठीच तर ही विद्यापीठं आहेत. वर मुंबईत एक गोष्ट अशी मिळते जी दुसरीकडे पैसे देऊनही मिळत नाही. कुलाब्याला मूलभूत संशोधनाची टीआयएफआर ही संस्था, परळला हाफकिन आणि प्रजनन आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची संस्था, वर्सोव्याला मत्स्य शिक्षणाची केंद्रीय संस्था, खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, हे सगळं एका लोकलच्या पासवर. सेमिनार ऐकायला जाता येतं, लायब्ररीसाठी परवानगी मागता येते, माणसं भेटतात. ती पहिल्या वर्षी बऱ्यापैकी फिरली.

आता प्रोजेक्टला एवढं महत्त्व का ते सांगते. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यात दोन वर्षांची एमएस्सी ८८ क्रेडिटची झाली. पहिल्या सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजी, दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, आणि मग तिसऱ्या सेमिस्टरला ४ आणि चौथ्याला ६ क्रेडिट थेट रिसर्च प्रोजेक्टचे. म्हणजे १० क्रेडिट तुम्ही स्वतः काय केलंत त्यावर. पूर्वी एखाद्या पेपरसारखा प्रोजेक्ट उरकून टाकणारी पोरं होती, आता ते परवडत नाही. आणि मार्कांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे पुढे कुठेही मुलाखतीला गेलात, पीएचडी असो की प्रोजेक्ट असिस्टंटची जागा, पहिला प्रश्न हाच असतो, एमएस्सीला काय केलंत ते सांगा. तिथून पुढची वीस मिनिटं तुम्ही जे सांगाल त्याच्यावरच खोदकाम चालतं.

तिचा पहिला विषय झेब्राफिशवर, म्हणजे प्रयोगशाळेत वापरतात त्या छोट्या पट्टेदार माशावर होता. व्हिटेलोजेनिन हे अंड्यातल्या बलकाचं मूळ प्रथिन, मादीच्या यकृतात इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून बनतं आणि रक्तातून अंडाशयात जातं. नराकडे पण हा जीन असतो पण तो एरवी जवळजवळ गप्प असतो. आता पाण्यात इस्ट्रोजेनसारखं वागणारं काही रसायन आलं, जसं की प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए, तर नराचं यकृतसुद्धा व्हिटेलोजेनिन बनवायला लागतं. त्यामुळे नर माशात हे प्रथिन सापडणं ही पाणी बिघडल्याची एक मान्य झालेली खूण आहे. तिला नर झेब्राफिशला बिस्फेनॉल ए देऊन यकृतातला हा जीन किती चालू होतो ते क्यूपीसीआर नावाच्या मशीनवर मोजायचं होतं. विषय चांगला होता, मला आजही आवडतो. तिच्या गाईड मॅडमनी पण हो म्हटलं, तिने उन्हाळाभर पेपर वाचून काढले, वही भरली.

पण त्या विषयाला काय काय लागतं बघा. प्रौढ मासे वापरायचे म्हणजे प्राणी प्रयोगांच्या संस्थात्मक नीती समितीची परवानगी, ती समिती रोज बसत नाही, बाहेरचे सदस्य धरून कोरम जमावा लागतो. मग क्यूपीसीआरसाठीचं सामान, आरएनए काढायचं रसायन, सीडीएनए किट म्हणजे तयार रसायनांचा संच, सायबर ग्रीन, प्रायमर. हे सगळं विकत घ्यायचं म्हणजे तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती, वित्त विभागाची सही, एक कोटेशन मुदत संपलं म्हणून परत, मग पुन्हा पहिल्यापासून. आणि या सगळ्यात क्यूपीसीआर मशीनचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, मशीन चालू व्हायचं पण रीडिंगवर भरवसा नाही, इंजिनियर आला की कळेल असं उत्तर. परवानगी सप्टेंबरच्या शेवटी आली. किट दिवाळीनंतर पण आलं नव्हतं.

यात कोणी मुद्दाम काही केलं असं मला वाटत नाही, मॅडम तर स्वतः फाईल हातात घेऊन या टेबलवरून त्या टेबलवर फिरायच्या. पण दोन वर्षांच्या कोर्सला आणि खरेदीच्या फाईलला वेगवेगळी घड्याळं आहेत हे सत्य आहे आणि त्याची किंमत भरतं कोण, तर ती मुलगी जिचं चौथं सेमिस्टर मे महिन्यात संपणार असतं. तिसऱ्या सेमिस्टरच्या ४ क्रेडिटला तिने लिटरेचर रिव्ह्यू आणि मेथड एवढंच दाखवलं, निभावलं. पुढचं निभणार नव्हतं.

त्या दिवसांत ती खरंच खचली होती. ट्रेनमधून रडत यायची असं तिची मैत्रीण म्हणाली. तेव्हा तिच्या बॅचमध्ये एक नंबर फिरत होता. खासगी ट्रेनिंग लॅब, प्रोजेक्ट करून देतात, सर्टिफिकेट देतात. तिने फोन केला तर समोरून सरळ विचारलं की स्वतः येऊन करणार की डेटा तयार हवा, दोन्हीचे रेट वेगळे. स्वतः येऊन करायचा रेट तिच्या वर्षभराच्या फीच्या वर. आई म्हणाली, माझी एक बांगडी आहे, ती मोडू, पण एकदाचं संपव बाई हे. घरच्यांना दोष देता येत नाही, त्यांना मुलगी झोपत नाहीये एवढंच दिसत होतं.

ती मला विचारायला आली, ताई काय करू. मी तिला एवढंच म्हटलं की पैसे देऊन तिथे जाऊन स्वतः शिकणार असशील तर ते वेगळं, त्याची निदान चर्चा करू, पण तयार डेटा घेतलास तर व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, कोणी विचारलं की हा एक ठिपका रेषेच्या बाहेर का गेलाय, तर काय सांगणार आहेस? स्वतः केलेल्या प्रयोगात त्या ठिपक्याची गोष्ट तुला माहीत असते, त्या दिवशी लाईट गेली होती, तो मासा मुळातच आजारी होता, पिपेट बदललं होतं. विकतच्या डेटाला गोष्ट नसते. याबाबत माझं मत पक्कं आहे, विकतचा डेटा ही चोरी आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त नुकसान घेणाऱ्याचंच होतं कारण दोन वर्षं जाऊन हातात काहीच शिल्लक राहत नाही.

दुसरा मार्ग होता मोठ्या संस्थेत जाऊन काम करायचा. तिने मेल पाठवले, एक-दोन ठिकाणाहून नीट उत्तरंही आली, पण त्यांचं म्हणणं रास्त होतं की जागा जानेवारी ते जूनसाठी आधीच भरल्यात, उन्हाळ्यात या. तिला उन्हाळ्यापर्यंत थांबणं शक्य नव्हतं. तिसरा मार्ग म्हणजे थांबायचं, किट येईल या आशेवर. तो मार्ग दिसायला सोपा असतो कारण त्यात काही करायचं नसतं, आणि अडकलेली बहुतेक पोरं तोच घेतात, मग एप्रिलमध्ये किट येतं आणि तीन आठवड्यांत काहीतरी बिनकामाचा आलेख निघतो.

इथे मॅडमनी जे केलं ते मला या सगळ्या केसमधलं सगळ्यात मोलाचं वाटतं. त्या म्हणाल्या, अगं, विषय सोड थोडा वेळ. वही घे आणि विभागात फिर. आज, या घडीला, कोणाची सही न लागता काय काय चालतंय ते लिहून आण. काय असायला हवं ते नको, काय चालतंय ते.

ती दोन दिवस फिरली. यादी अशी निघाली: रोटरी मायक्रोटोम, म्हणजे ऊतींचे अतिपातळ काप (सेक्शन) करायचं यंत्र, जुना पण धारदार. पॅराफिन ओव्हन. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे रंग, झायलीन, अल्कोहोल भरपूर, कारण प्रॅक्टिकलला लागतं म्हणून दरवर्षी येतंच. कॅमेरा लावलेला मायक्रोस्कोप. मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. डीप फ्रीझर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लॅब असिस्टंट काका, ज्यांनी आयुष्यभर सेक्शन कापलेत आणि जे रिटायर व्हायला आले होते. ही यादी बघितल्यावर विषय जवळजवळ आपोआप दिसतो, हिस्टॉलॉजी, म्हणजे ऊतींचे काप मायक्रोस्कोपखाली बघून करायचा अभ्यास. आणि वाचलेलं वाया जात नव्हतं कारण व्हिटेलोजेनिनसाठी तिने माशाच्या अंडाशयाबद्दल, अंड्यात बलक कसा भरतो त्याबद्दल इतकं वाचलं होतं की नवीन विषयाचा पहिला चॅप्टर तसाच्या तसा उभा होता. प्रश्न फक्त रेणूंवरून पेशींवर आला.

मासा कुठला, तर मांदेली. शास्त्रीय नाव कॉइलिया ड्युसुमिएरी. मुंबईच्या डोल जाळ्याच्या मासेमारीत बोंबील, जवळा यांच्याबरोबर येणारा मासा, स्वस्त, ताजा, वर्षातला बराच काळ मिळणारा. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून बांधलेली भलीमोठी पिशवी, पाणी आत शिरतं आणि जे येईल ते शेपटाकडच्या बारीक जाळीत जमा होतं, त्यामुळे लहानमोठं सगळं येतं. बाजारातला मेलेला मासा असल्यामुळे नवीन परवानगीची भानगड नव्हती, तरीपण मॅडमनी नीती समितीच्या सचिवांकडून तसं लेखी घेतलं, आणि हे प्रत्येकाने करावं, नंतर कोणी विचारलं तर कागद दाखवता येतो. शिवाय केंद्रीय सागरी मत्स्यकी संस्थेचे, म्हणजे सीएमएफआरआयचे जुने पेपर ऑनलाइन फुकट मिळतात, त्यामुळे पैसे भरून जर्नल उघडायचा प्रश्न आला नाही. सरकारी विद्यापीठातल्या पोरांनी ती साईट पाठच करून ठेवावी.

प्रश्न असा ठरला की नोव्हेंबर ते एप्रिल या काळात मांदेलीच्या माद्यांचं अंडाशय कुठल्या कुठल्या अवस्थेतून जातं. त्यासाठी दर महिन्याला नमुने, लांबी, वजन, अंडाशयाचं वजन, त्याचं शरीराच्या वजनाशी टक्क्यातलं प्रमाण म्हणजे जीएसआय, आणि निवडक अंडाशयांचे सेक्शन.

आता ऐकायला सोपं वाटतं पण खरी अक्कल नमुने घेताना लागली. पहिल्या वेळी ती दादरच्या मार्केटमधून घेऊन आली. मोजून बघितलं तर सगळे मासे जवळजवळ एकाच मापाचे. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, हे समुद्राने दिलेले मासे नाहीत, हे कोळणीने निवडलेले मासे आहेत. अगदी बरोबर, कारण पाटीत विक्रीसाठी लावताना मोठे वेगळे, बारीक वेगळे होतात, आणि त्यावर तुम्ही लांबी-वजनाचा संबंध काढलात तर तो बाजाराचा संबंध निघतो. मग ती वर्सोव्याला गेली, जिथे होड्या लागतात तिथे. तिथल्या एका मावशींशी तिचं जमलं. मावशींना आधी वाटलं पोरगी स्वस्तात मागतेय. मग तिने समजावलं की मला निवडलेली नको, होडीतून उतरली तशी पाटी हवी, बारीक, फाटकी, सगळी, आणि पैसे चांगल्याचेच देते. मावशी म्हणाल्या, काय येडी पोर हाय, पण दिली. पुढे त्या मावशी अंगठ्याने पोट हलकं दाबून सांगायच्या, हिच्यात गाबोळी हाय, हिच्यात नाय, हिची सांडून झाली. तिने गंमत म्हणून मावशींचं म्हणणं वेगळ्या रकान्यात लिहून ठेवलं आणि नंतर पोट उघडून ताडून बघितलं, तर मावशी क्वचितच चुकल्या. मॅडमनी तिला ते थिसिसमध्ये स्थानिक ज्ञान म्हणून घालायला लावलं आणि मला ते फार आवडलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हा मासा हाताळला त्यांना अवस्था कळते, आपण तिला फक्त आकडा देतो.

आणायचं कसं हा मुंबईतला प्रश्न. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, वर्सोव्याहून बसने अंधेरी, तिथून ट्रेन. लेडीज डब्यात एकदा घेऊन चढली तर बायकांनी उतरवलंच. मावशींनीच सांगितलं, लगेजच्या डब्यात चढ ना. मग ती दर खेपेला मालडब्यात, पाट्या घेऊन बसलेल्या बायकांबरोबर, मांडीवर खोकं धरून.

लॅबमध्ये आल्यावर आणखी एक गोष्ट. बीएस्सीला तिने एकही मासा कापलेला नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन बंद करायला सांगितलं, त्यामागचं कारण मला पटतं, बेडूक आणि इतर प्राणी उगाच मारले जात होते. पण त्यामुळे आजची पिढी चार्ट आणि सिम्युलेशनवर शिकून येते आणि एमएस्सीला अचानक खरं अंडाशय ओळखायची वेळ येते. बाजारात खाण्यासाठी आलेला मासा हा त्यातला चांगला मधला मार्ग आहे. पहिले काही मासे तिने पार फाडून टाकले, नंतर हात बसला.

मांदेलीची शेपटी निमुळती होत होत दोऱ्यासारखी होते आणि जाळ्यात ती तुटते. आता एकूण लांबी मोजायची तर तुटक्या शेपटीचा मासा लांबीने कमी आणि वजनाने जवळजवळ तेवढाच, म्हणजे आलेख बिघडलाच. तिने ठरवलं की शेपटी तुटलेले मासे लांबी-वजनाच्या हिशोबातून बाहेर, पण किती काढले ते दर महिन्याला लिहायचं. हे लिहून ठेवणं ऐकायला किरकोळ वाटेल पण व्हायव्हाला याच गोष्टीने तिला वाचवलं, ते पुढे सांगते.

हिस्टॉलॉजीवर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे कसब आता विभागा-विभागातून जातंय. अंडाशय काढलं की लगेच बुएन फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे ऊती न कुजता आहे तशा टिकवणाऱ्या द्रावणात. पिक्रिक अ‍ॅसिडचं संपृक्त द्रावण, फॉर्मलिन आणि ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, ७५, २५ आणि ५ या प्रमाणात. पिवळाधमक रंग, बोटाला लागला की दोन दिवस जात नाही. इथे एक सूचना, पिक्रिक अ‍ॅसिड कोरडं झालं तर स्फोटक असतं, त्यामुळे बाटलीत ते कायम पाण्याखाली ठेवायचं, झाकणावर वाळलेले खडे दिसले तर हात लावायचा नाही, आधी सांगायचं. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये पिवळा रंग उतरेपर्यंत धुवायचं, चढत्या अल्कोहोलमधून नेऊन पाणी काढायचं, झायलीन, आणि मग वितळलेल्या मेणात. ब्लॉक तयार झाला की मायक्रोटोमवर ५ मायक्रॉनचे काप.

इथे ती अडकली. लहान अंड्यांचं अंडाशय सुरेख कापलं जायचं, रिबन सुटायची, पण पिकलेलं अंडाशय आलं की बलक भरलेली अंडी चुरा व्हायची. सेक्शनमध्ये नुसती भोकं. आठवडाभर ती ब्लेडच बदलत बसली. शेवटी काका आले, त्यांनी ब्लॉक हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, बेटा, बलक कोरडा पडलाय, तुझं ब्लेड ठीक आहे. त्यांनी ब्लॉकचा तोंडाकडचा भाग आधी थोडा कापून मोकळा केला, मग बर्फाच्या पाण्यात उपडा ठेवला, बराच वेळ, चहा पिऊन आले, आणि मग चाक अगदी सावकाश, एका लयीत फिरवलं. काप सुटले. एकामागून एक चिकटत जाणारी रिबन, ती ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपोआप निघतात, मग खालून स्लाइड घालून उचलायची. ब्लॉक भिजवल्याने बलकात थोडं पाणी शिरतं आणि तो मऊ होतो, एवढंच त्यामागचं शास्त्र, पुस्तकात असतं पण एका ओळीत असतं. काकांचा हात बघितल्याशिवाय ती ओळ कळत नाही. मी तिला सांगितलं की काका रिटायर व्हायच्या आत हे सगळं मोबाईलवर शूट करून घे, आणि तिने घेतलं, आता ते व्हिडिओ विभागात सगळे वापरतात.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगवल्यावर जे दिसलं ते तिच्यासाठी मोठं होतं. लहान अंडी जांभळी, गच्च, मोठं केंद्रक. मोठ्या अंड्यांत गुलाबी बलकाचे दाणे. आणि एकाच अंडाशयात दोन्ही, मधल्या अवस्थांसकट. म्हणजे ही मादी सगळी अंडी एकदम सोडून मोकळी होणारी दिसत नाही, टप्प्याटप्प्याने सोडणारी असावी. असावी हा शब्द तिने थिसिसमध्ये ठेवला, ठाम विधान केलं नाही, आणि ते बरोबर केलं.

कारण तिच्या डेटाला एक मोठी मर्यादा होती. सहा महिन्यांवरून वर्षाचं प्रजननचक्र सांगता येत नाही. आणि समजा तिला बारा महिने मिळाले असते तरी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे नमुन्यांत खड्डा पडतोच, तोही नेमका पावसाळ्यात जेव्हा अनेक माशांच्या बाबतीत बघण्यासारखं काही घडत असतं. तिने हे लपवलं नाही, मर्यादा म्हणून वेगळं पान लिहिलं. बाहेरून आलेले परीक्षक तिथेच थांबले. अर्धा तास त्याच पानावर. मग शेपटी तुटलेल्या माशांवर आले, किती काढले, कुठल्या महिन्यात जास्त, जास्त का. तिच्याकडे सगळं लिहिलेलं होतं. लांबी-वजनाच्या आलेखात एक मासा एकटाच वर उभा होता, त्याबद्दल विचारलं तर ती म्हणाली, सर त्याच्या पोटात जवळा गच्च भरला होता, मी वहीत लिहिलंय, दाखवू का. मी तिथेच मागे बसले होते, मला इतका अभिमान वाटला.

पण यात तिचं नुकसान झालं नाही असं म्हणणं खोटं होईल. मॉलिक्युलरचं काम तिच्या हातून झालं नाही ते नाहीच. आज बहुतेक ठिकाणी प्रोजेक्टच्या जागेसाठी आरएनए काढता येतं का, क्यूपीसीआर चालवलंय का हेच विचारतात. एका मुलाखतीत तिला तेवढ्यावरूनच नाही म्हटलं. किट मार्चमध्ये आलं, मशीन त्यानंतर दुरुस्त झालं, तेव्हा मॅडमनी तिला पुढच्या बॅचबरोबर काही रन करायला बसवलं, सबमिशन झाल्यावर, मार्क नसताना. ती आली, शिकली. तरीही हातात असलेला सहा महिन्यांचा अनुभव आणि दोन आठवड्यांचा अनुभव यात फरक असतोच आणि ही किंमत तिने भरली आहे, तिची काही चूक नसताना. याबद्दल मला राग आहे आणि तो असायलाच हवा. खरेदीच्या नियमांना कारण आहे, सार्वजनिक पैसा आहे, हिशोब हवाच, पण विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टसाठी लागणारी रोजची रसायनं आणि किटं वर्षाच्या सुरुवातीला एकदम मागवून ठेवता येतात, काही विभाग तसं करतातही, मग सगळीकडे का होत नाही.

आता ती सीएसआयआर नेट लाइफ सायन्सेसची, म्हणजे संशोधन फेलोशिप आणि प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय परीक्षेची तयारी करतेय. २०० मार्कांचा पेपर, अ भागात १५, ब भागात ३५, क भागात २५ प्रश्न सोडवायचे, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांच्या पाव हिस्सा मार्क कापतात. क भागातला प्रत्येक प्रश्न ४ मार्कांचा आणि तिथे पाठांतर चालत नाही, प्रयोग दिलेला असतो, आलेख दिलेला असतो, यातून काय निष्कर्ष निघतो आणि काय निघत नाही हे विचारतात. तिचं म्हणणं असं की क भाग तिला आता आधीपेक्षा सोपा जातो, कारण निष्कर्ष कुठे थांबवायचा हे मांदेलीने शिकवलं. जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० आहेत, घरासाठी ते फार मोठं आहे. बरोबरीने गेट या दुसऱ्या राष्ट्रीय परीक्षेचा फॉर्म पण भरलाय, त्याचा स्कोअर तीन वर्षं चालतो म्हणून.

जे आत्ता पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरला आहेत त्यांच्यासाठी या केसमधून कामाचं तेवढं सांगते. प्राण्यांवर काम करायचं डोक्यात असेल तर नीती समितीचा अर्ज दुसऱ्या सेमिस्टरलाच गाईडकडून पुढे ढकला, विषय शंभर टक्के ठरायची वाट बघू नका. दुसऱ्या सेमिस्टरच्या ऑन जॉब ट्रेनिंगच्या ४ क्रेडिटला पेपरावर सही मिळेल अशी जागा शोधू नका, जे मशीन तुमच्या विभागात बंद आहे ते जिथे चालू आहे तिथे जा, कारण ती एकच अधिकृत संधी आहे, आणि मोठ्या संस्थांना मेल सहा महिने आधी जायला हवा. मेलमध्ये तुम्ही किती मेहनती आहात हे लिहिण्यापेक्षा त्यांचा एक पेपर वाचून एक नीट प्रश्न लिहा. आणि विषय ठरवताना मॅडमनी सांगितलेली ती फेरी मारा, विभागात आज काय चालतंय ते बघत, मशीनवर धूळ आहे का तेही बघा, आणि लॅब असिस्टंटशी बोला, त्यांना सगळं माहीत असतं. तीच यादी आम्ही यंदा विभागाच्या नोटिस बोर्डावर लावली आहे, दर दोन महिन्यांनी अपडेट करतो, तिसऱ्या सेमिस्टरच्या पोरांनी विषय द्यायच्या आधी त्यावर एकदा नजर टाकायची असं ठरलंय.